मागच्या बाजूची तारीख

केरळच्या कोळिकोड जिल्ह्यात वडकरा नावाचं गाव आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे महामार्गाच्या कडेला एक कॅरॅव्हॅन बराच वेळ एकाच जागी उभी होती. आसपासच्या लोकांना संशय आला. दार उघडलं तेव्हा आत दोन माणसं मृतावस्थेत सापडली. दोघंही त्या गाडीवर काम करणारे. गाडी थांबवून, एसी चालू ठेवून ते विश्रांती घेत होते आणि एसीला वीज पुरवण्यासाठी जनरेटर सुरू होता. पुढे कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या तज्ज्ञांनी त्याच गाडीत मोजमाप केलं. जनरेटरचा वायू गाडीच्या तळातल्या भोकावाटे आत शिरत होता. दोन तासांत आतल्या हवेतल्या कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत ९५७ भाग, म्हणजे ९५७ पीपीएमवर पोचलं.

हा आकडा किती मोठा आहे? २०० पीपीएममध्ये दोन-तीन तास राहिलेल्या माणसाचं डोकं दुखू लागतं. ४०० पीपीएममध्ये तीन तासांनंतर जिवाला धोका असतो. ८०० ला पाऊण तासात चक्कर आणि मळमळ सुरू होते आणि दोन तासांच्या आत शुद्ध हरपते. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. अमेरिकेत कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मसाठी ‘यूएल २०३४’ हे मानक आहे. त्यानुसार ७० पीपीएमला अलार्म एक ते चार तासांत वाजला पाहिजे, १५० ला दहा ते पन्नास मिनिटांत आणि ४०० ला चार ते पंधरा मिनिटांत. वायूने ४०० ची पातळी गाठल्यापासून पाव तासाच्या आत गाढ झोपेतल्या माणसाला उठवू शकेल, असं तळहातावर मावणारं उपकरण आज बाजारात मिळतं.

मात्र ते चालू स्थितीत हवं. अशा दुर्घटनेनंतर सगळे विचारतात, ‘अलार्म होता का?’ तो किती वर्षांचा होता, त्याला वीज मिळत होती का, शेवटचा कुणी आणि कधी तपासला, हे सहसा कुणी विचारत नाही. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे डिटेक्टर आपण एकदा घेऊन भिंतीवर लावायची वस्तू समजतो. प्रत्यक्षात औषधाच्या पट्टीसारखी त्यांना मुदत असते, आणि ती उपकरणाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून छापलेली असते. ही मुदत सांभाळण्याचं काम केवळ मालकाच्या आठवणीवर सोपवून उत्पादक, भाड्याने देणारे आणि नियम करणारे मोकळे होतात. कॅरॅव्हॅन, कॅम्पर अशा फिरत्या घरांपुरती तरी ही व्यवस्था जिवावर बेतणारी आहे.

फिरत्या घरांपुरती असं म्हणण्याला कारण आहे. मध्यम आकाराच्या कॅम्परचा राहण्याचा भाग साधारण २० घनमीटरचा, म्हणजे २० हजार लिटर हवेचा असतो. तेवढ्या हवेत कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण ४०० पीपीएमवर न्यायला अवघा ८ लिटर वायू पुरतो. साठ चौरस मीटरच्या फ्लॅटमध्ये तीच पातळी गाठायला सत्तर लिटरहून अधिक वायू लागेल. आणि या छोट्याशा जागेत असतं काय काय? गॅसची शेगडी, गॅसवर चालणारा हीटर, पाणी तापवायचा बंब, बऱ्याच गाड्यांत गॅसवरच चालणारा फ्रिज, आणि फरशीच्या खाली इंजिन किंवा जनरेटर. स्वयंपाकघर, बॉयलरची खोली आणि शयनगृह एकमेकांपासून हातभर अंतरावर येतात. शिवाय हे घर रस्त्यावर हादरे खातं. पाइपांचे जोड सैल होतात, फरशीतल्या फटी रुंदावतात, धुराड्याच्या तोंडाशी गांधीलमाश्या पोळं करतात. बंगल्यात अनेक वर्षांत होणारी झीज इथे थोड्या हंगामांत होते.

यात भर पडते ती लक्षणांच्या फसवेपणाची. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं, त्यामुळे ‘गॅस गळला तर वास येईलच’ हा विश्वास आपल्या अंगवळणी पडला आहे. पण तोच गॅस अर्धवट जळला की जे तयार होतं त्याला वास नसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रक्तावरचा हा परिणाम उलगडला. डोकेदुखी, मळमळ, थकवा, गरगरणं ही त्याची सुरुवातीची लक्षणं. दिवसभर घाट चढून आलेल्या, गाडी लागलेल्या किंवा उंचावरची विरळ हवा सोसत असलेल्या माणसाला नेमकं हेच होत असतं. तो म्हणतो, जरा पडतो, बरं वाटेल. कॅम्परमध्ये हे वाक्य फार धोक्याचं आहे, कारण शरीर देत असलेला इशारा तिथे प्रवासाच्या शिणात विरून जातो. म्हणून माणसाच्या इंद्रियांवर न विसंबणारा पहारेकरी तिथे हवाच.

असा पहारेकरी नेमायची कल्पना जुनी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात कोळशाच्या खाणींतल्या स्फोटांनंतरच्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखण्यासाठी लहान, उष्ण रक्ताचे जीव वापरावेत असं सुचवलं. त्यातून कॅनरी पक्षी खाणीत गेले, आणि ब्रिटनमध्ये ते १९८६ पर्यंत कामावर होते. त्या काळातली एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. पक्षी बेशुद्ध पडला तर त्याला शुद्धीवर आणता यावं म्हणून छोटा ऑक्सिजन सिलिंडर जोडलेला पिंजरा वापरात होता. पक्ष्याला रोज दाणापाणी लागायचं, तो आजारी पडला तर दिसायचं, मेला तर दुसरा आणावा लागायचा. आपला पहारेकरी धडधाकट आहे की नाही, हे खाणकामगाराला पिंजऱ्याकडे पाहून कळत होतं. इलेक्ट्रॉनिक उपकरण त्याच्यापेक्षा कितीतरी अचूक आहे, पण आतून निकामी झालं तरी बाहेरून ते नव्यासारखंच दिसतं.

ते निकामी कसं होतं, हे पाहायला हवं. आजच्या बहुतेक कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टरमध्ये विद्युत-रासायनिक सेन्सर असतो. बोटाच्या पेराएवढ्या डबीत दोन-तीन इलेक्ट्रोड आणि त्यांच्यामध्ये आम्लधर्मी द्राव. सूक्ष्म छिद्रांतून आत आलेल्या कार्बन मोनॉक्साइडचं एका इलेक्ट्रोडवर कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होतं आणि त्या क्रियेतून किंचित विद्युतप्रवाह निर्माण होतो. जितका वायू जास्त, तितका प्रवाह जास्त. तो ठराविक काळ ठराविक पातळीवर राहिला की भोंगा वाजतो. रचना सुंदर आहे, पण द्राव सुकत जातो, उष्णतेत आणि कोरड्या हवेत अधिक वेगाने. इलेक्ट्रोडवरच्या उत्प्रेरकाची धारही बोथट होत जाते. म्हणून या सेन्सरचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षांचं असतं, काही नव्या मॉडेलांत दहा. स्वयंपाकाचा गॅस ओळखणाऱ्या डिटेक्टरचं सहसा पाच. धुराच्या अलार्मचं दहा, तेही विकत घेतल्या दिवसापासून नव्हे, उत्पादनाच्या तारखेपासून. मे महिन्यात उन्हात पत्र्याच्या गाडीत तापणारा आणि थंडीच्या मुक्कामात गोठणारा सेन्सर घरातल्या भिंतीवरच्या सेन्सरपेक्षा कष्टाचं आयुष्य जगतो, हे उघड आहे.

इथेच एक गैरसमज जीव घेतो. उपकरणावर ‘टेस्ट’ असं लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की कर्कश आवाज येतो आणि मालक निश्चिंत होतो. बहुतेक मॉडेलांत या बटणामुळे वीज, आतलं सर्किट आणि भोंगा यांची परीक्षा होते. सेन्सरला वायू ओळखता येतो का, याची होत नाही. दहा वर्षांचा सुकलेला सेन्सर असलेला अलार्मसुद्धा बटण दाबल्यावर खणखणीत वाजू शकतो. म्हणजे बटण दाबणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. त्याच्या जोडीला मागची तारीखही पाहायला हवी.

धुराच्या अलार्मची गोष्ट थोडी वेगळी. एका प्रकारात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अतिसूक्ष्म अंश हवेतून बारीक विद्युतप्रवाह वाहता ठेवतो आणि धुराचे कण त्यात आडवे आले की अलार्म वाजतो. भडकलेली आग हा प्रकार लवकर ओळखतो. दुसऱ्या प्रकारात प्रकाशाचा झोत असतो. धुराने तो विखुरला की सेन्सरला कळतं. गादी किंवा वायर धुमसत असेल तर हा प्रकार सरस. कॅम्परमध्ये दोन्ही धोके असतात, त्यामुळे दोन्ही तत्त्वं एकत्र असलेला किंवा दोन वेगळे अलार्म असणं उत्तम. धूळ, कोळिष्टकं आणि तेलकट वाफेचा थर मात्र दोघांचाही घात करतो.

आता एक ब्रिटिश घटना. १ एप्रिल २०१३ रोजी इंग्लंडमधल्या विंडरमियर सरोवरात नांगरलेल्या ‘आर्निस्टन’ नावाच्या बोटीच्या केबिनमध्ये एक आई आणि तिची दहा वर्षांची मुलगी मरण पावल्या. बोटीला ऊब आणि वीज मिळावी म्हणून इंजिनाच्या कप्प्यात घरगुती जनरेटर बसवला होता आणि त्याची धुराची नळी हाताने जुळवलेली होती. ती निखळली आणि वायू केबिनमध्ये आला. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास संस्थेने चौकशी केली, तेव्हा बोटीवर कार्बन मोनॉक्साइडची सेन्सर यंत्रणा सापडली. ती अठरा वर्षं जुनी होती आणि तिचा वीजपुरवठा तोडलेला होता.

विंडरमियर आणि वडकरा यांच्यात हजारो मैलांचं अंतर आहे. पण जनरेटर, वायू आत येऊ देणारी वाट, थंडी किंवा उकाडा टाळण्यासाठी बंद केलेली केबिन आणि झोप, ही साखळी दोन्हीकडे हुबेहूब आहे. शिवाय विंडरमियरला अलार्म होता! नोंदवहीत, ‘बोटीवरच्या सोयी’ या सदराखाली त्याची नोंद करता आली असती. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने फक्त भिंतीकडे पाहिलं असतं, तर ती बोट त्याला सुरक्षित वाटली असती.

अलार्मची वायर कोण तोडतं? बेफिकीर माणूस, असं उत्तर लगेच सुचतं. ते अन्यायाचं आहे. कॅम्परमध्ये राहणाऱ्याची एक रात्र पाहू. शेगडीपासून धुराचा अलार्म चार फुटांवर. तव्यावर पोळी जरा करपली, फोडणीला मिरची पडली, की तो किंचाळतो. मुलं दचकून उठतात. तिसऱ्या वेळी घरातलं कुणीतरी स्टुलावर चढून त्याची बॅटरी काढतं, ‘नंतर घालू’ म्हणून. मग हिवाळाभर गाडी उभी असते. अनेक गाड्यांत गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचा एकत्र डिटेक्टर गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. तो सुमारे १०० मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर दिवसाला जवळजवळ अडीच अँपिअर-अवर होतात. शंभर अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, असा दंडक आहे. म्हणजे तीन आठवड्यांत तो एकटा तिला जायबंदी करतो. मालक फ्यूज काढतो किंवा वायर तोडतो, आणि हंगाम सुरू झाल्यावर ती परत जोडायची राहून जाते.

तिसरं कारण बारकाईने पाहण्यासारखं आहे. जुनी किंवा वाजवीपेक्षा जास्त चार्ज होत असलेली लेड-अॅसिड बॅटरी हायड्रोजन सोडते, आणि कार्बन मोनॉक्साइडचा विद्युत-रासायनिक सेन्सर हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो. मध्यरात्री अलार्म वाजतो, सगळे बाहेर धावतात, शेगडी बंद, हीटर बंद, जनरेटर बंद. काहीच सापडत नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. मालकाची खात्री पटते की उपकरण खोटं बोलतंय. प्रत्यक्षात ते बिछान्याखालची बॅटरी धोकादायक झाल्याचं सांगत असतं. हेअर स्प्रे, परफ्यूम, साफसफाईची द्रावणं यांनीही गॅसचा डिटेक्टर खोटा इशारा देतो, आणि सिलिकोनयुक्त फवारे तर काही सेन्सरना कायमचं बधिर करून टाकतात. हे सगळं मालकाला कुणी सांगितलेलं असतं का? पुस्तिकेच्या चाळिसाव्या पानावर बारीक अक्षरांत, एवढंच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या पाहण्या घरांबद्दल हेच सांगतात. घरातल्या आगींत होणाऱ्या पाच मृत्यूंपैकी साधारण तीन, धुराचा अलार्म नसलेल्या किंवा तो बंद पडलेल्या घरांत होतात. अलार्म असून वाजला नाही, अशा प्रसंगांत सगळ्यांत मोठं कारण असतं बॅटरी काढून ठेवलेली किंवा जोडणी तुटलेली. इतकी माणसं जेव्हा एकच चूक करतात, तेव्हा दोष वस्तूच्या रचनेतही शोधायला हवा. यूएलच्या धुराच्या मानकाच्या नव्या आवृत्तीत तसं झालंही आहे. प्रयोगशाळेत हॅम्बर्गरच्या चकत्या भाजून अलार्म गप्प राहतो का, हे त्यात तपासलं जातं. स्वयंपाकाचा धूर आणि आगीचा धूर यांतला फरक उपकरणाने ओळखावा, ही अपेक्षा उपकरणाकडून करायची, आचाऱ्याकडून नाही, हे तत्त्व तिथे मान्य झालं. भारतीय फोडणी तिथे कुणी करून पाहिली आहे का, हा प्रश्न इथल्या उत्पादकांनी आणि मानक ब्यूरोने मनावर घ्यावा असा आहे.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही विचारात घ्यायला हवं. काही अनुभवी मंडळी म्हणतात की अलार्मवर भर देणं म्हणजे रोग सोडून तापमापकाची काळजी घेणं. हीटर वेळेवर तपासा, धुराडं साफ ठेवा, वायुवीजनाची छिद्रं बुजवू नका, झोपताना जनरेटर बंद करा, मग अलार्मची गरज उरत नाही. यातला पहिला भाग शंभर टक्के बरोबर आहे. अलार्म वायू अडवत नाही, फक्त तो आल्याचं सांगतो. पण निष्कर्ष चुकतो, कारण वायूचा उगम नेहमी आपल्या ताब्यात नसतो. १९९४ मध्ये अमेरिकी टेनिसपटू व्हिटास गेरुलायटिस न्यूयॉर्कजवळ साउथॅम्प्टनला मित्राच्या अतिथीगृहात झोपलेले असताना मरण पावले. बाहेरच्या जलतरण तलावाच्या सदोष हीटरमधून वायू त्या घरात आला होता. कॅम्पिंगच्या मैदानात शेजारच्या गाडीचा जनरेटर आपल्या खिडकीखाली धूर सोडत असतो, आणि ‘खिडकी उघडी ठेवा’ हा सल्ला पाळल्यामुळेच तो धूर आत येतो. जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो, असा इशारा अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग देतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसं दगावली. बर्फाने धुराची नळी बुजली की स्वतःच्याच इंजिनाचा वायू आत कोंडतो. देखभाल उत्तम असलेली गाडीसुद्धा अशा रात्री वाचवू शकत नाही. अलार्म जागं तरी करतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. यूएलचा अलार्म ७० पीपीएमखाली सहसा वाजत नाही. ३० पीपीएमला तर तो तीस दिवस गप्प राहिला पाहिजे, अशी अट आहे, कारण रोज उठून खोटे इशारे आले तर लोक त्याला उपटून फेकतील. हे मर्यादेचं गणित धडधाकट प्रौढ माणूस धरून मांडलेलं आहे. गर्भवती, तान्ही मुलं, हृदयरोगी यांना त्याखालची पातळीही बाधते. म्हणून अशी माणसं बरोबर असतील तर कमी पातळीपासून आकडा दाखवणारा डिटेक्टर घ्यावा. हा खर्च चैनीचा नाही.

आता नियमांकडे. अमेरिकेत त्याच अग्निसुरक्षा संघटनेचं ‘एनएफपीए ११९२’ हे मानक कॅम्परमध्ये धूर, कार्बन मोनॉक्साइड आणि स्वयंपाकाचा गॅस ओळखणारी उपकरणं बसवायला सांगतं. युरोपात ‘ईएन ५०२९१’ या मानकाचा दुसरा भाग खास फिरती वाहनं आणि बोटी यांच्यासाठी आहे, कारण तिथले हादरे आणि तापमानातले चढउतार घरातल्या उपकरणाला सोसत नाहीत. कागदावर हे उत्तम आहे. अडचण अशी की हे सगळं कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीबद्दल आहे. ब्रिटनमध्ये कॅम्परची वार्षिक सक्तीची चाचणी होते तीत ब्रेक, दिवे, टायर पाहतात. राहण्याच्या भागाची तपासणी ऐच्छिक आहे. गाडी दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जाते आणि भिंतीवरचा डिटेक्टर तिच्याबरोबर म्हातारा होत जातो. नवी गाडीही निर्धोक असेलच असं नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत किड कंपनीचे साडेचार लाखांच्या आसपास धुराचे अलार्म परत मागवले गेले, कारण उत्पादनाच्या वेळी लावलेलं पिवळं प्लॅस्टिकचं टोपण काहींच्या सेन्सरवर तसंच राहून गेलं होतं. कुणी अलार्म खाली उतरवून त्याच्या बाजूच्या फटीतून आत पाहिलं तरच ते सापडणार.

घरांच्या बाबतीत इंग्लंडने एक पाऊल पुढे टाकलं. ऑक्टोबर २०२२ पासून, स्वयंपाकाच्या गॅस-शेगडीखेरीज इंधन जाळणारं कायमस्वरूपी उपकरण असलेल्या भाड्याच्या घरातल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड अलार्म बसवणं घरमालकाला बंधनकारक झालं. भाडेकरूने बिघाड कळवला की तो दुरुस्त करणं किंवा बदलणंही घरमालकावरच आलं. जबाबदारी बसवण्यापुरती न राहता सांभाळण्यापर्यंत गेली. भाड्याच्या कॅम्परला हाच नियम का लागू नये? तिथला भाडेकरू चार दिवसांचा पाहुणा असतो. त्याला गाडीचा इतिहास माहीत नसतो, फ्यूज कुठे आहे हे माहीत नसतं, आणि एक टुकटुक आवाज बॅटरी संपल्याचा की मुदत संपल्याचा, हे ओळखायची त्याच्याकडे सवड नसते.

महाराष्ट्राला हा विषय आता परका राहिलेला नाही. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आपलं धोरण जाहीर केलं. मुंबई-पुण्यातली कुटुंबं कोकणात, सह्याद्रीत, थेट स्पिती-लडाखपर्यंत अशा गाड्या भाड्याने नेऊ लागली आहेत. न्यूझीलंडला किंवा अमेरिकेला मुलांकडे गेलेले आईवडीलही आठवडाभर कॅम्परमध्ये राहून येतात. आणि बंद जागेतल्या वायूने जीव जाणं आपल्याला नवं नाही. न्हाणीघरातल्या गॅस गीझरच्या बातम्या मुंबई, पुणे, नाशिकच्या वर्तमानपत्रांत येतच असतात. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे एका रिसॉर्टच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक गेले, त्यांत चार मुलं होती. थंडीत खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपण्याची सवय आपल्याकडे अजून आहे, आणि तंबूत किंवा गाडीत ती शेगडी नेणारेही आहेत. त्यामुळे आपल्याकडच्या कॅम्परमध्ये डिटेक्टरची गरज युरोपाइतकीच आहे. आपण हा व्यवसाय नव्याने सुरू करतो आहोत, तर जुन्या देशांची चूक तशीच्या तशी उचलण्याचं कारण नाही.

मागणी फार मोठी नाही. कॅरॅव्हॅन भाड्याने देण्याची परवानगी किंवा नोंदणी देताना आणि दर वर्षी तिचं नूतनीकरण करताना तीन उपकरणांच्या उत्पादनाच्या आणि बदलण्याच्या तारखा नोंदवून घ्याव्यात, त्या तारखांचा फोटो गाडीच्या कागदपत्रांत असावा, आणि भाडेकराराच्या पहिल्या पानावर त्या छापाव्यात. उत्पादकांनी तारीख मागच्या बाजूऐवजी समोर, ठळक आकड्यांत छापावी. त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

मालकाच्या हातात जे आहे ते करायला अर्धा तास लागतो. धुराचा अलार्म छतावर किंवा छताजवळ हवा, शेगडीपासून शक्य तितका लांब. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीलगत. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचितच हलका आणि हवेत मिसळून जाणारा, त्यामुळे त्याचा डिटेक्टर झोपण्याच्या जागेजवळ, उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर, पडद्यामागे किंवा कपाटात नाही. प्रवासात असताना आठवड्यातून एकदा बटण दाबावं. हंगामाच्या सुरुवातीला बॅटऱ्या बदलाव्यात, जाळ्यांवरून व्हॅक्यूम क्लीनरचा मऊ ब्रश फिरवावा, फवारा मारू नये. गाडी उभी करताना डिटेक्टरचा फ्यूज काढला असेल तर त्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी, म्हणजे चावी फिरवण्याआधी ती हाताला लागते. आणि उपकरण खाली उतरवून मागची तारीख पाहावी. मुदत संपली असेल तर ते दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं.

अलार्म वाजला तर कारण शोधत आत थांबू नये. धुरासाठी सहसा तीन-तीन आवाजांची लड असते, कार्बन मोनॉक्साइडसाठी चार-चारची, आणि दर मिनिटाच्या आसपास येणारा एकच टुक बहुधा बॅटरीचा किंवा मुदतीचा असतो. पहिल्या दोहोंपैकी काहीही ऐकू आलं की सगळ्यांना बाहेर काढावं, माणसं मोजावीत, मग मदत बोलवावी. भारतात त्यासाठी ११२ हा क्रमांक आहे. कुणाला डोकेदुखी किंवा मळमळ असेल तर डॉक्टरांना कार्बन मोनॉक्साइडचा संशय आवर्जून सांगावा. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर या विषबाधेत नेहमीसारखाच, दिलासा देणारा आकडा दाखवू शकतं. खरं प्रमाण रक्ताच्या तपासणीतच कळतं.

पुढच्या सुट्टीत कॅम्पर भाड्याने घेणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला एक विनंती आहे. चावी हातात घेण्यापूर्वी मालकाला तिन्ही डिटेक्टर भिंतीवरून काढून मागची तारीख दाखवायला सांगा. तो कंटाळेल, हसेल, ‘सगळं नवीन आहे’ म्हणेल. तरीही पाहा. तारीख उलटून गेली असेल किंवा सापडतच नसेल, तर ती गाडी घेऊ नका.